स्लीव्ह की बायपास? पंचविशीत वजनाचं ऑपरेशन ठरवण्याआधी

हा आपल्या एपिसोडचा लेखी मजकूर. ज्यांना आकडे परत बघायचेत, किंवा घरच्यांना दाखवायचेत, त्यांच्यासाठी. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ बरेचसे काढलेत, थोडे राहिलेत ते चालवून घ्या.

आजचा विषय आहे वजन कमी करायचं ऑपरेशन. आपल्याकडे याबद्दल दोनच टोकं ऐकू येतात. एक म्हणतं, ‘पोट कापून कुणी बारीक होतं का, चाल जरा, भाकरी कमी कर.’ दुसरं म्हणतं, ‘रीलवर बघितलं, चार महिन्यांत पन्नास किलो गेले.’ या दोघांच्या मध्ये एक खरा प्रश्न अडकलेला असतो: वय तेवीस-चोवीस, वजन शंभरीपार, शुगर लागलीय किंवा झोपेत श्वास अडकतोय, आणि डॉक्टर म्हणतात, ‘स्लीव्ह करू या किंवा बायपास.’ मग निवडायचं कसं?

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तुमच्यासाठी कुठलं ऑपरेशन योग्य, हे मी सांगू शकत नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर ते काय बोलतायत हे समजावं आणि नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढी तयारी आपण नक्की करू शकतो.

आधी, हे ऑपरेशन कुणासाठी?

सुरुवात बीएमआयपासून. वजन किलोमध्ये घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. समजा उंची १६५ सेंटिमीटर म्हणजे १.६५ मीटर आणि वजन ११० किलो. बीएमआय येतो ४०.४.

१९९१ पासून जगभर एक नियम चालत आला होता: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत आजार, तर ऑपरेशनचा विचार करायचा. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो बदलला. आता ३५ च्या वर आजार असो वा नसो, आणि ३० ते ३५ मध्ये डायबेटीससारखा आजार असेल तर विचार करावा, असं ते म्हणतात. आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी ही रेषा आणखी खाली, २७.५ वर आहे. कारण आपल्या अंगात कमी वजनातही पोटाभोवती चरबी जास्त साठते आणि शुगर लवकर लागते.

याचा अर्थ २७.५ झाला की लगेच ऑपरेशन करा, असा अजिबात नाही. विचार करण्याची परवानगी वेगळी आणि सल्ला वेगळा. बहुतेकांसाठी आधी जेवण, व्यायाम, झोप, थायरॉईडसारख्या तपासण्या आणि औषधं हाच क्रम असतो.

पण तो क्रम प्रामाणिकपणे पाळूनही वजन परत परत चढतं तेव्हा ‘तुझ्यात इच्छाशक्ती नाही’ म्हणणं चुकीचं आहे. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा कमी खर्च करायला लागतं. ही शरीराची मूळ रचनाच आहे, आणि ऑपरेशन नेमकं या रचनेत हात घालतं. तेवढ्यासाठीच त्याला महत्त्व आहे.

पोटात नक्की काय करतात?

तीन प्रकार लक्षात ठेवा. तिन्ही दुर्बिणीतून होतात, म्हणजे पोटावर चार-पाच बारीक छिद्रं.

पहिला, स्लीव्ह. जठर म्हणजे आपली अन्नाची पिशवी. तिचा साधारण तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग उभा कापून कायमचा बाहेर काढतात. उरते केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. आतड्याला हात लावत नाहीत. काढलेल्या भागात घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन जास्त तयार होतं. त्यामुळे नुसती जागा कमी होत नाही, भूकही कमी होते. आज जगात आणि भारतातही सगळ्यात जास्त होणारं ऑपरेशन हेच.

दुसरा, बायपास. याचं पूर्ण नाव रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी छोटी पिशवी वेगळी करतात आणि तिला थेट लहान आतड्याचा पुढचा भाग जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, फक्त अन्न तिथून जात नाही. यात दोन जोड असतात. अन्न आतड्यात लवकर पोहोचल्यामुळे पोट भरल्याचा निरोप देणारी आणि इन्सुलिनला मदत करणारी हार्मोन्स वाढतात. म्हणून बऱ्याच जणांची शुगर वजन उतरायच्या आधीच खाली यायला लागते.

तिसरा, मिनी बायपास. यात एकच जोड असतो. जठराची लांबट पिशवी करून ती आतड्याला बरीच पुढे जोडतात. वेळ कमी लागतो. भारतात याचं प्रमाण चांगलंच आहे. नावात ‘मिनी’ आहे म्हणून परिणाम छोटा समजू नका. फ्रान्समधल्या २५३ जणांवरच्या योमेगा नावाच्या अभ्यासात (२०१९) वजन दोन्ही बायपासमध्ये सारखंच उतरलं, पण मिनी बायपासमध्ये जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी जास्त दिसल्या. पित्त वर येण्याची शक्यताही यात विचारात घ्यावी लागते.

जठराला पट्टा लावायचा एक जुना प्रकार होता, तो आता जवळजवळ मागे पडलाय. पोटात फुगा सोडतात ते ऑपरेशन नव्हे. तो साधारण सहा महिन्यांनी काढावा लागतो.

स्लीव्हची एक गंमतीची गोष्ट

स्लीव्ह हे सुरुवातीला स्वतंत्र ऑपरेशन नव्हतंच. ज्यांचं वजन इतकं जास्त की मोठं ऑपरेशन झेपणार नाही, त्यांच्यासाठी ती पहिली पायरी होती. आधी जठर लहान करायचं, वजन उतरू द्यायचं, मग आतड्याचं काम करायचं. डॉक्टरांच्या लक्षात आलं की बऱ्याच जणांना दुसऱ्या पायरीची गरजच पडत नाहीये. तिथून ती स्वतंत्र झाली.

तुम्हाला २०१७ मधली मुंबईची बातमी आठवत असेल. इजिप्तची इमान अहमद, वजन साधारण ५०० किलो सांगितलं जात होतं, मालवाहू विमानाने मुंबईत आणली गेली. ७ मार्च २०१७ रोजी सैफी हॉस्पिटलमध्ये तिच्यावर स्लीव्हच झाली. मे महिन्यात तिला अबू धाबीला नेलं, आणि सप्टेंबरमध्ये तिथे तिचं निधन झालं. त्या बातम्यांमुळे ‘हे ऑपरेशन जीवघेणं असतं’ असं अनेक घरांत पक्कं झालं. त्याआधी २०११ मध्ये नितीन गडकरींनीही मुंबईत वजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं, तेव्हा त्याच घरांत ‘हे मोठ्या लोकांचं काम’ असं ठरलं होतं.

दोन्ही उदाहरणांवरून आपला निर्णय घेऊ नका. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली, अनेक आजार असलेली व्यक्ती आणि रोज ऑफिसला जाणारा ११० किलोचा मुलगा यांची जोखीम एक नसते. चांगल्या केंद्रात या ऑपरेशननंतर मृत्यूचं प्रमाण साधारण हजारात एक, म्हणजे पित्ताशय काढायच्या ऑपरेशनच्या आसपास. ते शून्य नाही. पण भीती घालावी इतकंही नाही.

आता आकडे

कुठलं जास्त चांगलं, यावर चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करून केलेले दोन मोठे अभ्यास आहेत. दोन्हींचे पाच वर्षांचे निकाल जानेवारी २०१८ मध्ये एकाच वेळी आले.

फिनलंडचा अभ्यास २४० जणांवरचा. पाच वर्षांनी स्लीव्हमध्ये जास्तीच्या वजनापैकी ४९ टक्के गेलं, बायपासमध्ये ५७ टक्के. इथे एक शब्द नीट ऐका, ‘जास्तीच्या वजनापैकी’. आपलंच उदाहरण घेऊ. १६५ सेंटिमीटर उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६८ किलो. ११० वजा ६८, जास्तीचं वजन ४२ किलो. त्याचे ४९ टक्के म्हणजे साधारण २१ किलो, ५७ टक्के म्हणजे २४ किलो. म्हणजे फरक तीन किलोचा. तुमचा निकाल वेगळा येऊ शकतो, पण कुणी ‘८० टक्के वजन जातं’ म्हटलं तर कशाचे ८० टक्के आणि किती वर्षांनी, हे दोन प्रश्न विचाराच.

स्वित्झर्लंडच्या अभ्यासात २१७ जण होते. तिथे वजनातला फरक छोटाच निघाला. पण एक मोठा फरक दिसला तो ॲसिडिटीचा. आधीपासून छातीत जळजळ असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर जवळपास ३२ टक्के लोकांचा त्रास वाढला. बायपासनंतर तो ६ टक्के लोकांचाच वाढला. उलट बायपासमध्ये ६० टक्के लोकांची जळजळ थांबली, स्लीव्हमध्ये २५ टक्के. दुसरीकडे, नंतर परत ऑपरेशन किंवा काही उपचार करावे लागण्याचं प्रमाण बायपासमध्ये थोडं जास्त होतं: २२ टक्के, स्लीव्हमध्ये १६.

डायबेटीसवर नॉर्वेत २०१९ मध्ये एक अभ्यास आला. एक वर्षानंतर बायपासवाल्यांपैकी ७४ टक्के लोकांची शुगर औषधाविना आटोक्यात होती, स्लीव्हवाल्यांपैकी ४७ टक्के.

आणि तरुणांचं काय? वरच्या अभ्यासांत बहुतेक लोक चाळिशी-पन्नाशीचे. पण २०१९ मध्येच अमेरिकेतला एक अभ्यास आला, १३ ते १९ वयात बायपास झालेल्यांची मोठ्यांशी तुलना करणारा. पाच वर्षांनी वजन सारखंच उतरलं, २६ आणि २९ टक्के. पण डायबेटीस जाण्याचं प्रमाण तरुणांत ८६ टक्के आणि मोठ्यांत ५३. म्हणजे आजार जुना व्हायच्या आधी फायदा जास्त. याचीच दुसरी बाजू: शरीरातला लोहाचा साठा कमी झालेले तरुण ४८ टक्के, मोठे २९ टक्के. आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाणही तरुणांत जास्त.

मग निवड कशावर ठरते?

एवढं सगळं वाचून मला जे चार प्रश्न महत्त्वाचे वाटले ते सांगतो.

पहिला, छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येणं आहे का? खूप असेल तर स्लीव्हबद्दल दोनदा विचार करा. ऑपरेशनआधी एंडोस्कोपी करून घ्या. गोळी खाऊन जळजळ दाबली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

दुसरा, डायबेटीस आहे का, आणि किती वर्षांचा? असेल तर बायपासचं पारडं जड होतं.

तिसरा, गोळ्या आयुष्यभर नियमित घेणार का? बायपासमध्ये अन्न आतड्याच्या ज्या भागाला टाळतं, तिथेच लोह आणि कॅल्शियम चांगलं शोषलं जातं. बी-१२ शोषायला तर जठराचीच मदत लागते. गोळ्या दोन्ही ऑपरेशनांत लागतात, पण त्या चुकवल्या तर बायपासमध्ये, आणि त्याहून मिनी बायपासमध्ये, फटका मोठा बसतो. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असतं, मुलींमध्ये हिमोग्लोबिन आधीच खाली असतं. तपासणी करूनच आत जा.

चौथा, सिगारेट-बिडी आणि वेदनाशामक गोळ्या. बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर होण्याचं हे मोठं कारण. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलवरून रोज गोळी आणून खायची सवय असेल तर ती सांगा आणि सोडा.

आमच्या कामात काहीही बदलण्याआधी विचारतात, बिघडलं तर मागे जाता येईल का? इथे उत्तर असं: स्लीव्हमध्ये काढलेला भाग परत येत नाही. पण स्लीव्हवरून पुढे बायपास करता येतो. बायपास उलटवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य असलं तरी अवघड आणि क्वचित होणारं काम आहे. थोडक्यात, दोन्ही कायमचेच समजा.

पंचविशीचा हिशोब वेगळा का?

कारण पंचावन्नाव्या वर्षी हे करणाऱ्याला त्यासोबत वीस-पंचवीस वर्षं काढायची असतात, आणि तुम्हाला पन्नास.

या पन्नास वर्षांत लग्न आहे, मूल आहे. पीसीओएसमुळे पाळी अनियमित असलेल्या मुलींमध्ये वजन उतरलं की गर्भधारणेची शक्यता पटकन वाढते. पण ऑपरेशननंतर किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, कारण त्या काळात शरीर झपाट्याने वजन गमावत असतं. बायपासनंतर तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, दुसरा उपाय विचारून घ्यावा लागतो. ‘लग्नाआधी करून टाकू, कुणाला कळायला नको’ असं घरी ठरत असेल तर थांबा. लपवलेलं ऑपरेशन म्हणजे लपवलेल्या गोळ्या, चुकलेल्या तपासण्या, आणि गरोदरपणात डॉक्टरांना अर्धी माहिती. हा धोका मुलीच्या वाट्याला येतो, लपवा म्हणणाऱ्यांच्या नाही.

बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, आणि काहींना तिची सवय लागते. उसाचा रस, गोड चहा, जिलेबी पोटात गेली की घाम, धडधड, चक्कर, जुलाब होऊ शकतात. याला डंपिंग म्हणतात. उसाच्या तालुक्यात राहणाऱ्यांनी हे आधीच ऐकलेलं बरं.

रोजचं जेवण मात्र आपलंच राहतं. सुरुवातीचे काही आठवडे पातळ, मग मऊ, मग नेहमीचं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हे लक्ष्य. ताटात आधी अंडं, मटकी, दही, पनीर, पिठलं, भाकरी त्यानंतर. घास छोटा, चावणं जास्त, जेवताना पाणी नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत सतत उलट्या झाल्या तर ‘होतं असं’ म्हणून घरी बसू नका. बी-१ कमी पडून नसांना इजा होऊ शकते. आणि बायपासनंतर कितीही वर्षांनी पोटात जोराची कळ आली तर गावातल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, ‘माझा बायपास झालाय.’ आतडं आत अडकलेलं असू शकतं, आणि ते साध्या ॲसिडिटीसारखं दिसू शकतं.

मनाचंही बघा. काही जणांत ऑपरेशननंतर नैराश्य वाढलेलं दिसतं. आधीपासून त्रास असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटणं हा तयारीचाच भाग आहे.

इंजेक्शन घेतलं तर?

हा प्रश्न येणारच. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोव्ही भारतात आलं. अभ्यासांत वेगोव्हीमधल्या औषधाने सरासरी १५ टक्के आणि मौंजारोच्या मोठ्या डोसने साधारण २० टक्के वजन उतरलं. कमी बीएमआय असलेल्या अनेकांसाठी ऑपरेशनआधीची ही पायरी आता खरी आहे. पण औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचं दिसलंय. म्हणजे वर्षानुवर्षांचा खर्च एका बाजूला, कायमचा बदल दुसऱ्या बाजूला. डॉक्टरांनी हा पर्याय काढलाच नाही तर तुम्ही काढा.

माजलगावातून विचार करताना

आपल्या बीड जिल्ह्याला ऑपरेशनचा एक जुना, कडू अनुभव आहे. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली, आणि कित्येकींचं वय अगदी कमी. अनेकींना ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेली होती, नंतर हाडांचं आणि हार्मोन्सचं काय होईल ते कुणी सांगितलं नव्हतं.

वजनाचं ऑपरेशन तसलं आहे, असं मी म्हणत नाही. याच्यामागे भक्कम पुरावा आहे. पण कायमचं काही काढण्याआधी पूर्ण माहिती मागण्याचा हक्क आपल्या जिल्ह्याने फार महाग शिकलाय. तो वापरा.

विचारायचे प्रश्न लिहून न्या. तुम्ही ही दोन्ही ऑपरेशनं करता का, की एकच? माझ्यासाठी हेच का, दुसरं का नाही? वर्षाला किती करता? टाक्यांतून गळती झाली तर रात्री दोनला कोण असेल? आहारतज्ज्ञ टीममध्ये आहे का? पुढची पाच वर्षं तपासण्या कधी आणि किती खर्चाच्या?

शेवटचा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. ऑपरेशन पुण्या-मुंबईत किंवा संभाजीनगरला होईल, पण गोळ्या आणि रक्त तपासण्या इथे होतील. पहिल्या वर्षी चार-पाच फेऱ्या, नंतर दरवर्षी एक, असं धरून चाला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज आणि गोळ्यांचं महिन्याचं बिल, हे सगळं ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये लिहिलेलं नसतं. तेवढे पैसे जमत नसतील तर आधी ते जमवा, ऑपरेशन नंतर.

विम्याचंही ऐका. विमा नियामकाच्या ठरलेल्या अटींनुसार वय १८ पूर्ण, आणि बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार, जसं आटोक्यात नसलेला टाइप-२ डायबेटीस, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा हृदयविकार, आणि बाकी उपाय करूनही फरक नाही, तरच दावा चालतो. म्हणजे डॉक्टर ३३ बीएमआयला ‘योग्य’ म्हणतील आणि विमा ‘नाही’ म्हणेल, असं होऊ शकतं. पॉलिसीतला वेटिंग पीरियडही वाचा. होकार लेखी आल्याशिवाय ॲडव्हान्स भरू नका.

आणि घाई करू नका. अपघाताचं ऑपरेशन आज रात्री करावं लागतं, हे नाही. ‘या महिन्यात ऑफर आहे’ असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, महिनाभर जेवण आणि जळजळीची वही लिहा, आई-दादांना सोबत न्या, आणि मग ठरवा. ‘नाही करायचं’ असं ठरलं तरी तो पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय असेल.

या विषयावर तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा. ज्यांची उत्तरं डॉक्टरांनीच द्यायला हवीत ती मी देणार नाही, पण कुणाला काय विचारायचं एवढं नक्की सांगेन. हा मजकूर ज्याला गरज आहे त्याला फॉरवर्ड करा, फक्त टोमण्यासोबत नको. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.